बावीस भाकरी

नावात साहेब असला तरी लालासाहेबाकडे सदरे दोनच होते, आणि त्यातला एक कायम दोरीवर वाळत असे. रहिमतपूरच्या अलीकडच्या एका लहानशा गावातून तो साताऱ्याला हायस्कुलात शिकायला आला, तेव्हा त्याच्या घरात सहीपुरतं लिहिणारा एकटा चुलता होता, तोही पलटणीत जाऊन शिकलेला. साल त्रेचाळीस. लढाई चालू, ज्वारी महाग, रॉकेल मिळेना. पण सोळा वर्षांच्या पोराला त्याचं काय? त्याला एकच वेड लागलं होतं, ते शाळेच्या वर्तमानपत्राचं.

वर्तमानपत्र म्हणजे काय, तर हातानं लिहिलेले फुलस्केपचे चार कागद. दर सोमवारी ते व्हरांड्यातल्या काचेच्या फलकात टाचले जात. नाव 'दवंडी'. चालवणारे चिंतामण मास्तर मूळचे वाईचे, अंगानं काटकुळे आणि स्वभावानं हेकट. "मोठ्यांच्या बातम्या छापायला पुण्या-मुंबईला छापखाने आहेत," ते म्हणत. "ज्याची बातमी कधी होत नाही त्याची तुम्ही आणा. आणि 'पुष्कळ', 'फार', 'खूप' असलं लिहून माझ्याकडे येऊ नका. डोळ्यांनी पाहा, मोजा आणि आकडा द्या." विहिरीची बातमी आणली तर किती हात खोल, जत्रेची आणली तर गाड्या किती. आकडा नसला की कागद परत. पोरं वैतागायची. लालासाहेबाला मात्र ह्या मोजामोजीचा नाद लागला. शनिवारी दुपारी शाळा सुटली की तो पायी गावाकडे निघे, आणि वाटेतली बाभळीची झाडंसुद्धा मोजत जाई.

त्याच्या घरासमोर अंबूबाई राहायची. सगळं गाव तिला आत्ती म्हणे. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक मुलगा पलटणीबरोबर साता समुद्रापार. घरात दुसरं माणूस नाही. एका शनिवारी दिवेलागणीला लालासाहेब तिच्या उंबऱ्यावर जाऊन टेकला. आत्ती भाकरी थापत होती. सवयीनं त्यानं मोजायला सुरुवात केली. पाच झाल्या, दहा झाल्या, पीठ काही संपेना. बावीस भाकरी झाल्या तेव्हा तिनं परात बाजूला सारली.

"आवं आत्ती, एवढ्या भाकरी कुनाला?"

तिनं वर पाहिलं नाही. "वाटंनं जानारी-येनारी असत्यात रं. गोसावी यतो, धनगर यतो. रोजचंच हाय ह्ये. दारावरनं कुनी उपाशी जाऊ न्हाई."

मग तिनं भाकरी धडप्यात बांधल्या, वर लसणाची चटणी ठेवली आणि पाटी डोक्यावर घेऊन उसाच्या फडाकडे गेली.

आता खरं बोलायचं तर, गोसावी कधी उसाच्या फडात मुक्काम करत नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या वर्षी त्या भागातल्या प्रत्येक गावाला ठाऊक होतं, की सरकारविरुद्ध उठलेली, पकडवॉरंट डोक्यावर घेऊन फिरणारी पोरं रानात आहेत आणि गाव त्यांना जगवतंय. पण कुणी ते तोंडानं बोलत नसे. आठवड्यातले सहा दिवस साताऱ्यात काढणाऱ्या लालासाहेबाला ते अर्धं कळलं, आणि कळलं तेवढ्यावर त्यानं झाकण ठेवलं. कारण आकडा फार सुरेख मिळाला होता. मी त्याला माफ करायला तयार आहे, पण तो स्वतःला कधी माफ करू शकला नाही, आणि तेच बरोबर असावं.

त्यानं रविवारी बसून बातमी लिहिली. मथळा 'उपाशी कुणी जाऊ नये'. ज्वारीचा भाव एवढा चढला असताना अमुक गावची अंबूबाई नावाची एकटी विधवा रोज बावीस भाकरी थापून वाटसरूंना घालते, असा मजकूर. बावीस लिहिताना टाक जरासा अडला होता, हे त्याला पुढं आयुष्यभर आठवत राहिलं.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सारला. "लालासाहेब, याला म्हणतात बातमी." मास्तर एवढे शहाणे, त्यांना तरी कळायला नको होतं का? पण ते वाईच्या घाटावर वाढलेले. तिथं जेवणावळी आणि अन्नछत्रं रोजचीच. परक्याला जेवू घालणं म्हणजे पुण्य, यापलीकडे त्यांची नजरच गेली नाही. त्यांनी बातमी पहिल्या पानावर घेतली. पोरांच्या नावाचा गाजावाजा नको म्हणून बातमीखाली नाव घालायची 'दवंडी'त पद्धत नव्हती.

मंगळवारी एक फौजदार आपल्या मुलाच्या दाखल्यासाठी शाळेत आले. हेडमास्तर वर्गावर होते, म्हणून व्हरांड्यात थांबले आणि फलक वाचत राहिले. शिपायानं लालासाहेबाला मधल्या सुटीत गाठून सांगितलं, "तुमची बातमी साहेबांनी दोनदा वाचली बघा. डायरीत काय तरी टिपूनबी घेतलं." लालासाहेबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बोर्डिंगात त्या दिवशी तो भेटेल त्याला हे सांगत सुटला.

शुक्रवारी पहाटे पोलिसांनी गावाला वेढा घातला. उसाच्या फडातून दोघांना धरलं. तिसरा, अर्जुना नावाचा वीस वर्षांचा पोरगा, ओढ्याकडे पळताना गोळी लागून मेला. शनिवारी घरी आल्यावर आईनं हे सगळं त्याला चुलीपुढं बसून हळू आवाजात सांगितलं. अंबूबाईला चावडीवर नेलं होतं. दिवसभर मारलं, तरी तिनं तोंड उघडलं नाही, शेवटी सोडून दिलं.

"फौजदारानं पयलाच सवाल काय क्येला ठावं हाय?" आई म्हणाली. "म्हनला, म्हातारे, रोजच्या बावीस भाकरी कुनासाठनं? बावीसच कशा त्याला कळल्या रं? कुनी तरी दारात बसून मोजल्याल्या हायत्या."

लालासाहेबाच्या पुढ्यात ताट होतं. त्यानं ते तसंच बाजूला सारलं.

आणि गावाच्या मते दारात बसून मोजू शकेल असा एकच माणूस होता. अंबूबाईच्या दारालगतच्या ओट्यावर गुंडा शिंप्याचं मशीन असे. दिवसभर तो तिथंच बसायचा. त्यातून बुधवारी तो मशीनचा पट्टा आणायला साताऱ्याला गेला होता आणि एका पोलीस शिपायाशी बोलताना कुणी तरी त्याला पाहिलं होतं. शिपाई सदऱ्याच्या शिलाईचं विचारत होता, असं गुंडा म्हणाला. कोण ऐकतो?

रविवारी उन्हं कलल्यावर सगळ्या गावाला ओढ्याकाठी बोलावलं. रानातल्या उरलेल्या पोरांचा म्होरक्या जोतीराम पुढं उभा होता. ओढ्याकाठच्या झाडीत अर्जुना त्याच्याच मांडीवर गेला होता, त्याचे डोळे तांबारलेले. गुंडाला बांधून आणलं. जोतीरामनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कुनाला काय बोलायचं हाय का?"

लालासाहेब मागच्या रांगेत चुलत्याच्या पाठीशी उभा होता. त्यानं तोंड उघडलं. खरोखर उघडलं. एवढंच म्हणायचं होतं, की मी मोजल्या. समोर चार काठ्या होत्या. त्यानं तोंड मिटलं.

गुंडाच्या तळपायांवर काठ्या पडल्या. पहिल्यांदा तो ओरडत होता, "मी न्हाई वं, आईशपत मी न्हाई," मग नुसताच ओरडायला लागला. लालासाहेब मोजत होता. त्याला मोजायचं नव्हतं, पण मोजणं थांबेना.

सोमवारी त्यानं चिंतामण मास्तरांना एकट्याला गाठून सगळं सांगितलं. मास्तर खाली बसले. फलकातला कागद त्यांनी स्वतःच्या हातानं काढला आणि घरी नेऊन चुलीत घातला. "तू काही लिहिलं नाहीस, मी काही लावलं नाही," ते म्हणाले, पण त्याच्याकडे बघेनात. 'दवंडी' त्या सोमवारी निघाली नाही. पुन्हा कधीच निघाली नाही.

गुंडा महिन्याभरात गाव सोडून गेला. कुठं, ते कुणी विचारलं नाही.

त्यानंतर लालासाहेबाला भाकरी थापल्याचा आवाज सोसेनासा झाला. कुठंही थपथप कानावर आली की आपोआप मोजणी सुरू व्हायची, आणि बावीसच्या आत आवाज थांबला तर त्याला हायसं वाटायचं. बोर्डिंगात स्वयंपाकीणबाई चाळीस-पन्नास थापत. तेव्हा तो उठून बाहेर जाई. मॅट्रिक झाला, मास्तरकी मिळाली. नोकरीसाठी लोक साताऱ्याकडे डोळे लावून बसत, यानं लांबच्या जत संस्थानातली शाळा धरली. तिथं पोरं घरी कानडी बोलणारी, पाण्याची मारामार, नजर पोचेल तिथवर माळ आणि मेंढरं. इथं आपल्याला कुणी ओळखत नाही, असं त्याला वाटलं. पण आपण स्वतःला ओळखतोच की. बोरीबाभळीच्या सावलीत कुणी पाय पसरून बसलेला दिसला, तरी हा वाट बदलायचा. हेडमास्तरांनी एकदा शाळेसाठी हस्तलिखित काढायचं मनावर घेतलं, तर यानं असा काही नकार दिला की ते बिचारे घाबरले.

आईची पत्रं यायची. स्वराज्य आलं. जोतीरामला हत्तीवरून मिरवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं गावानं. अंबूआत्तीला लुगडं-चोळी देऊन सत्कार झाला. अर्जुनाच्या नावाचा दगड उभारला. गुंडाचं नाव कुठल्याच पत्रात नसायचं. तेच नाव लालासाहेब प्रत्येक पत्रात शोधायचा.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात तो शाळेसाठी खडू-नकाशे आणायला सांगलीला गेला. हळदीच्या पेठेत एका वखारीच्या पडवीत एक माणूस दाभणानं पोती शिवत होता. पाय पुढं लांब ताणलेले. मशीन चालवायला पाय लागतात, दाभणाला हातच पुरतात, हे लालासाहेबाच्या आधी ध्यानात आलं आणि माणूस नंतर ओळखला.

तो जवळ जाऊन बसला. गुंडानं त्याला ओळखलं. "लाला न्हवं का तू? मास्तर झालास म्हनं." सूर साधा, राग नाही काही नाही. लालासाहेबाला वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं सांगून टाकलं. शाळेचा कागद, फलक, फौजदार, बावीसचा आकडा, ओढ्याकाठी उघडलेलं आणि मिटलेलं तोंड, सगळं. सांगताना तो रडला. पाच वर्षं साठलेलं होतं ते.

गुंडानं हातातलं पोतं शिवून पुरं केलं, सुतळी दातानं तोडली.

"मला कशाला सांगतुस?" तो म्हणाला. "मी न्हाई, ह्ये मला पयल्या दिसापास्नं ठावं हाय. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी जाऊन सांग की."

लालासाहेबानं डोळे पुसले. मोकळं व्हायला आलो होतो आपण, माफी मागायच्या नावाखाली. ते ह्या माणसानं एका वाक्यात उघडं पाडलं होतं. तो जतला गेलाच नाही, खडू-नकाशे घेऊन तसाच गावाला गेला.

शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं माणसं जमलेली असतात. तिथं तो उभा राहिला आणि बावीस भाकरींपासून सांगलीच्या वखारीपर्यंत सगळं बोलला. ह्या खेपेला पुढं काठ्या नव्हत्या. बोलणं संपलं. काही जण धोतर झटकून उठले आणि घराकडे लागले. आई तोंडावर पदर घेऊन उभी होती.

जोतीराम पंचायतीचा मोठा माणूस झाला होता. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आता उकरून काय करायचं मास्तर? मेल्याली मान्सं म्हागारी यत न्हाईत."

"गुंडादा जिता हाय," लालासाहेब म्हणाला.

बायकांच्या घोळक्यातून अंबूबाई पुढं आली. पाच वर्षांत ती पार वाकली होती. लालासाहेबाला वाटलं, ही आता थोबाडीत देणार, आणि त्यानं गाल पुढं केला म्हणाना. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सकाळच्या गाडीनं मला सांगलीला न्ह्ये," एवढंच म्हणाली.

रहिमतपूरला दोघं गाडीत बसली. मिरजेला गाडी बदलली. साऱ्या वाटेत आत्ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. पाणी दिलं तर घेतलं नाही. डब्यातल्या बायकांनी विचारलं, ह्यो ल्योक का तुमचा? तेव्हा ती म्हणाली, "गावातला हाय." ते ऐकून लालासाहेब खिडकीकडे तोंड फिरवून बसला. त्याला त्याच्या वाट्याचं मिळत होतं.

पेठेत ऊन चटकत होतं. हळदीची धूळ उडून नाकातोंडात जात होती. अंबूबाईनं गुंडाला लांबूनच पाहिलं आणि ती भरभर चालायला लागली, अनवाणी, तापलेल्या फरशीवरून. गुंडानं वर पाहिलं. दाभण त्याच्या हातात तसंच राहिलं.

"गुंडा, माझ्या लेकरा," ती म्हणाली. "माझ्या चुलीपायी रं. मीबी तुझ्यावर इस्वास ठिवला न्हाई. त्या दिशी मी तितंच व्हते. एक शबूद बोलले न्हाई."

आणि ती खाली बसली, पदर पुढं घेतला आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली.

गुंडानं दोन्ही हातांनी आपले पाय धरून घाईघाईनं मागं ओढून घेतले. त्याचा चेहरा भीतीनं पांढराफटक पडला होता.

"नगा, आत्ती," तो म्हणाला. "हात लावू नगासा. अजून लय दुखत्यात."