स्कूटर सुरू, रस्क सुरू

दिल्लीत आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरसमोर, कडुलिंबाखाली एका इस्त्रीवाल्याचं टेबल असतं. कॉलर तो सगळ्यात शेवटी करतो आणि प्रत्येक वाक्य "सुनो साहब"ने सुरू करतो.

त्याच्या टेबलाखाली झोपणाऱ्या कुत्रीचा पाय हिवाळ्यात माझ्या स्कूटरखाली आला. पाय बरा झाला, पण स्कूटरच्या आवाजानं ती थरथर कापायची. शरमेनं मी स्कूटर बंद ठेवून कोपऱ्यापर्यंत ढकलत नेऊ लागलो.

चार दिवस पाहून तो म्हणाला, "सुनो साहब, रोज दूर से स्टार्ट करो. बस, स्टार्ट."

मी स्कूटर सुरू केली की तो कुत्रीला रस्कचा, म्हणजे कडक टोस्टचा तुकडा टाकायचा. बंद केली की रस्कही बंद. रोज मला दोन पावलं जवळ बोलवायचा. ती दचकली, तर इस्त्री हलवून मलाच मागे पिटाळायचा.

महिन्याभरात ती आवाज ऐकून शेपटी हलवत बाहेर आली. त्या दिवशी त्यानं रस्क माझ्या हातात दिला. तिनं तो खाल्ला, वर माझी बोटंही चाटली.

दुसऱ्या सकाळी मी तिच्यासमोरून स्कूटर ढकलतच निघालो.

"सुनो साहब," कॉलरवरून नजर न उचलता तो म्हणाला, "वो तो ठीक हो गई. अब आप भी बैठ जाओ."