गोलकीचा मुखवटा

"काका, बाबा गेले," मधूचा नितीन फोनवर म्हणाला, आणि मी विचारलं, "कुठं?"

नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या ज्या बियाण्यांच्या कंपनीत मी आयुष्यभर नोकरी केली, तिथंच जुन्या सोबत्यांबरोबर चहा घेत बसलो होतो. पोरगं त्यावर काय बोललं ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की समोर भलंमोठं टेबल असताना मी हातातला कप ठेवायला जागा शोधत होतो. रिक्षानं पूल ओलांडून मस्तगडला पोचलो तेव्हा मधूला चटईवर निजवलेलं होतं. सकाळी दाढी करताना छातीत कळ आली आणि दवाखान्याची गाडी यायच्या आत सगळं संपलं. अर्ध्याच गालाची दाढी झालेली… ते मला अजून बघवत नाही. महिना उलटून गेला, पण माझा पाय घरात ठरत नाही. उठायचो, मस्तगडला जायचो, वहिनींनी चहा टाकायच्या आत परत निघायचो. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी लागलीय. भिंगरी नाही. माझ्या पाठीमागं आता कोणी नाही, असं मला वाटत राहतं. हे बोलून दाखवायला गेलं की वेड्यासारखं वाटतं, म्हणून लिहून पाहतो.

मधू आमच्या कॉलेजच्या हॉकी संघाचा गोलकी आणि मी फुलबॅक, म्हणजे त्याच्या पुढ्यात उभा राहून हल्ला अडवणारा. सामान सगळं जुनंपानं. वेताच्या काड्या आणि कापूस भरलेले त्याचे पॅड, त्यातही डावा एका जोडीतला आणि उजवा दुसऱ्या. पायातले किकर मोच्याकडून शिवून घेतलेले. छातीला आईच्या गोधडीचा तुकडा, आणि तोंडावर काहीच नाही. तोंडावर जाळी लावणारा गोलकी म्हणजे भित्रा, असं आम्हाला शिकवलेलं होतं. परभणीच्या सामन्यात चेंडू भुवईवर बसला, टाके पडले, आणि पुढच्या आठवड्यात हा पठ्ठ्या पट्टी बांधून पुन्हा गोलात हजर. फुलबॅकला आपला गोलकी दिसत नाही, नुसता ऐकू येतो. "डावीकडं सरक!" "त्याला आत येऊ देऊ नको!" आणि सगळ्यात गोड आवाज म्हणजे "सोड, माझा हाय!" तो आवाज आला की आपण बाजूला व्हायचं, पुढचं तो बघणार. मी चुकून मागं वळलो की मात्र शिवी बसायची. "मागं काय बघून राह्यला? मागं मी हाय ना!"

पुढं मी बियाण्यांत गेलो आणि तो एमआयडीसीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात. सळया बनवायला तिथं परदेशातून भंगार यायचं, आणि ते निवडून घेणाऱ्या माणसांवर मधू मुकादम होता. त्या ढिगातून काय काय निघायचं, ते तो आम्हाला रंगवून सांगायचा. एकदा माझ्याकडं आला तो पिशवी पोटाशी धरूनच. आत पांढरा, कडक, माणसाच्या चेहऱ्याएवढा मुखवटा. डोळ्यांना दोन भोकं, नाकाला उंचवटा, श्वासासाठी बारीक फटी, आणि मागचे पट्टे कुजून गेलेले. लोखंड नाही म्हणून बाजूला फेकलेला होता. "गोलकीचा हाय," तो म्हणाला. मी म्हटलं, कशावरून? त्यानं भुवईवरच्या व्रणाला बोट लावलं. "मला कळतं." मग तो तोंडाला लावून बघू लागला, पण काही केल्या बसेना. नाकापाशी दाबायचा, हनुवटीपाशी मोकळा राहायचा. कपाळावर काळ्या रंगानं टाके काढलेले होते, जसे जखमेवर असतात तसे. ते कशासाठी, हे आम्हा दोघांनाही उमगेना. वहिनींनी त्या मुखवट्याला घरात जागा द्यायचं साफ नाकारलं. कोणा मेल्याचं तोंड उचलून आणलंत, म्हणाल्या. मधूनं गुपचूप तो लाल फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवून दिला.

त्याच माळ्यावर, तशाच लाल फडक्यात महालक्ष्म्यांचे मुखवटे असायचे. आता पुढचं सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या वर्षी महालक्ष्म्या बसायच्या दिवशी मी त्यांच्याकडंच होतो. मधूनं माळ्यावरून गाठोडी काढून दिली. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं, जाऊबाई ताट वाजवतायत, वहिनी ओल्या केसांनी उंबऱ्यातून आत आल्या, पाटावर ठेवून फडकं सोडलं… आणि आतून तो पांढरा बाबा सगळ्यांकडं टकामका बघायला लागला. ताट वाजायचं थांबलं. मधू माझ्या मागं लपला, जो जन्मात कधी कोणाच्या मागं लपला नव्हता. मला वाटलं, आज याची खैर नाही. वहिनींनी थोडा वेळ त्या मुखवट्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "उंबरा वलांडून आलाय. आता रिकामा धाडायचा न्हाई." त्याच्या कपाळावर कुंकू लावून त्यांनी त्याला कोपऱ्यात भिंतीला टेकवून बसवलं आणि खऱ्या मुखवट्यांसाठी मधूला परत माळ्यावर चढवलं. तेव्हापासून दर साली महालक्ष्म्यांबरोबर त्यालाही कुंकू. मधू नैवेद्याच्या वेळी मुद्दाम ओरडायचा, "माझ्या गोलकीला पुरणपोळी वाढली का?" आणि वहिनी म्हणायच्या, "तुमच्या गोलकीला तोंड कुठंय खायला, नुसत्या फटी हायेत!"

त्याचं खरं कूळ नितीननं शोधलं. पुण्याला नोकरीला लागल्यावर एका सुट्टीत त्यानं मोबाइलवर जुने सामने काढून दाखवले. हॉकीच, पण बर्फावरची. मधू हरखून गेला. "बर्फावर? अरं, आपल्याकडं बर्फ म्हंजी रसवंतीवर!" मग त्याला नादच लागला. पूर्वी तिकडचे गोलकी स्वतःच्या चेहऱ्याचा साचा घेऊन त्यावर मुखवटा करवून घेत, हे कळल्यावर त्यानं मुखवटा काढून पुन्हा तोंडाला लावून बघितला. म्हणजे हे कोणाचं तरी खरं तोंड. "म्हणून मला बसंना," तो म्हणाला. "जित्ता असल का रे तो?" आताचे रंगीबेरंगी, जाळीवाले मुखवटे त्याला आवडायचे नाहीत. मोटरसायकलच्या हेल्मेटात माणूस कसा ओळखावा, म्हणायचा. टाक्यांचं कोडंही तेव्हाच सुटलं. मुखवट्यामुळं जो मार चुकला, त्याच्या जागी टाका काढून ठेवायची रीत काही जणांत होती. ही रीत मधूनं उचलली. भट्टीजवळ लोखंडाचा रस उसळला आणि हा नेमका चहाला गेलेला होता, तेव्हा एक टाका. मोंढ्याजवळ ट्रकनं स्कूटर चिरडली आणि हा नुसता खरचटून उठला, तेव्हा एक. करोनात ऑक्सिजनवरून परत आला, तेव्हा आणखी एक. त्याचा नियम पक्का होता. "लागला तो दवाखान्याचा, चुकला तो आपला."

गेल्या आठवड्यात नितीन वहिनींना पुण्याला न्यायला आला. मस्तगडचं घर भाड्याचं, ते आता सोडायचं. मी गेलो तेव्हा पॅड, किकर, मोडकी स्टिक असं सगळं ओसरीत निघालेलं होतं. नितीन चांगला पोरगा आहे, पण दोन खोल्यांच्या घरात किती मावणार? परदेशातल्या कुणा शौकिनाला मुखवट्याचा फोटो पाठवलाय, तो मागतोय, असं त्यानं सांगितलं. "तिकडचाच आहे काका, तिकडं गेला तर काय बिघडलं?" खरं म्हणजे तो मला हवा होता. पण मागायचा हक्क कुठला? मी कोण? पुढ्यात उभा राहणारा… मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो.

वहिनी आतून आल्या. हातात लाल फडकं. त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं आणि लेकाकडं पाहून म्हणाल्या, "ह्यो कुठं जायचा न्हाई. माझ्या उंबऱ्यातून आल्ता, माझ्या हातानं जाईल." मी फडकं सोडलं. कपाळावर ताजं कुंकू होतं. यंदा त्यांच्याकडं महालक्ष्म्या बसायच्या नाहीत, म्हणून त्यांनी ते आधीच लावलं असावं. काहीतरी करायचं म्हणून मी खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, "वहिनी, शेवटचा टाका काढू का?"

"न्हाई भाऊजी," त्या म्हणाल्या. "तो लागला."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "घरी नेल्यावर समोर मांडू नका. समोर ठेवला तर त्यो मुखवटा. पाठीमागं ठेवला, मंग गोलकी. ह्येच सांगायचे न्हाई का तुमचे मित्र?"

आता तो माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर आहे. आल्यापासून मी सारखा वळून बघतोय. पेपर वाचताना, जेवताना, फोन वाजला तरी. बायकोला वाटतं खिळा नीट बसलाय का ते बघतो, आणि मीही तिला तसंच सांगतो. हे लिहिताना मात्र ठरवलं होतं की वळायचं नाही. निम्म्यापर्यंत जमलं. मग अर्ध्या दाढीचं लिहिलेलं खोडावं की ठेवावं, ते कळेना, आणि मान वळली. कुंकू होतं, टाके होते, डोळ्यांच्या भोकांतून मागची भिंत दिसत होती. मी पुन्हा कागदाकडं तोंड केलं, पेन हातात धरलं आणि वाट पाहत राहिलो… शिवीची.