धोपाव्याच्या जेटीवर कॅमेऱ्याने काय पाहिलं

जायचं की नाही यावर आमच्या घरात आठ दिवस खल चालला होता. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, "गाडीत बसून जा, चढ चढू नका आणि जिभेखालची गोळी खिशात ठेवा." अण्णांनी यातलं फक्त 'जा' ऐकलं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सांगलीत चाळीस वर्षं त्यांचं सायकलचं दुकान होतं आणि तरुणपणी ते स्वतः शर्यतीत उतरायचे. त्यांच्या हाताखाली तयार झालेला सुहास आता एका पगारी संघाकडून सायकल चालवतो. त्याचा करार मार्चमध्ये संपणार होता, आणि जानेवारीतली ही गुहागर-दापोलीची चढउतारांची शर्यत जिंकली तरच तो वाढेल असं संघाने त्याला सांगितलं होतं. त्यामुळे अण्णांना तिथे असायचंच होतं. माझ्या नवऱ्याला रजा नव्हती. मी शाळेत शिक्षिका, तीन दिवस काढता येत होते आणि गाडीही मला येते. ही २००७ सालची गोष्ट. अण्णांची अँजिओप्लास्टी होऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते.

शुक्रवारी पहाटे निघालो. सांगलीहून येणाऱ्यांनी इस्लामपूर, कऱ्हाड, पाटण, कोयनानगर असा रस्ता धरावा. पाटणपर्यंत झकास आहे, पुढे खड्डे चुकवत जावं लागतं. कुंभार्ली घाटात ट्रकच्या मागे अडकलात तर उगाच घाई करू नका. मी केली, आणि समोरून एस.टी. आल्यावर अशी काही आत घुसले की अण्णांनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला.

"मीना, मला हृदयाने नाही मारलं तर तू मारशील," ते म्हणाले.

मी हसले, पण त्यानंतर माझं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं त्यांच्या श्वासाकडे राहिलं. चिपळूणला राइस प्लेट खाल्ली. गुहागरला पोचायला अडीच वाजले.

राहायची सोय लेलेकाकांकडे होती. त्यांची आंब्याची बाग आहे आणि मागच्या दोन खोल्या ते पाहुण्यांना देतात. माणशी दोनशे रुपयांत रात्रीचं जेवण आणि सकाळचे घावणे. संडास बाहेर आहे, पण स्वच्छ. जेवणात कुळथाचं पिठलं, भात आणि सोलकढी होती. सोलकढी म्हणून आपल्याकडे जे आमसुलाचं पाणी देतात ते विसरा. लेलेकाका मात्र वाढता वाढता सारखे अंगणात जाऊन आकाश बघत होते.

"मळभ येतंय हो. मोहोर आत्ताच फुटलाय. चार दिवस असंच राहिलं तर काळा पडेल, मग वर्षभर बोंबला."

त्यांची काळजी वर, माझी काळजी समोरच्या पाटावर. अण्णा दोनच घास खाऊन हात धुवायला उठले होते.

त्याआधी संध्याकाळी सुहास भेटायला आला होता. त्याला बघून मी दचकलेच. गाल आत गेलेले, पायांच्या शिरा दोरीसारख्या. त्याने अंगणातल्या मातीत काडीने रस्ता काढून दाखवला. हेदवीपासून सुरुवात, गुहागरवरून धोपावे. तिथे दाभोळची खाडी आडवी येते, तेव्हा सगळे सायकलवाले फेरीबोटीत बसून पलीकडे जाणार. धोपाव्याच्या जेटीवर दोघांत जेवढं अंतर असेल, तेवढंच अंतर ठेवून पलीकडे एकेकाला सोडणार. मग दाभोळचा चढ, पुढे कोळथरे, बुरोंडी आणि शेवटी दापोलीचा घाट.

"अण्णा, जेटीवर मला सव्वा मिनिट तरी पाहिजे," तो म्हणाला. "तो टोंबा हाय न्हवं, मणिपूरचा, हिरव्या जर्सीवाला? चढाला त्यो मला खातोय."

"सव्वा मिळालं तर?"

"तर पलीकडं दमानं चढीन. कमी असलं तर अवघड हाय."

"मी जेटीवर घड्याळ घेऊन उभा राहतो. किती आहे ते ओरडून सांगतो," अण्णा म्हणाले.

शनिवारी सकाळी हेदवीच्या गणपतीच्या देवळाखाली शर्यत सुटली. आम्ही वर देवळात गेलो नाही. पायऱ्या आहेत, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून अण्णा स्वतःच म्हणाले, "इथूनच नमस्कार." मग शर्यतीच्या पुढे राहून धोपाव्याला आलो. जेटीवर गाड्यांची रांग होती. बोट साधारण पाऊण तासाने सुटते, गाडी आणि माणसं मिळून शंभर-सव्वाशे रुपये पडतात, पण दाभोळला रस्त्याने जायचं तर चिपळूण-खेड करत अर्धा दिवस जातो. बोटीनेच जा.

ऊन चढलं होतं. आमच्यासारखे सांगलीहून आलेले दहा-बाराजण होते. त्यांतले साखर कारखान्यातले शिवाजीराव सगळ्यांत मोठ्या आवाजाचे. ते काही जेटीवर थांबले नाहीत, शेवट बघायला मिळावा म्हणून बाकीच्यांना घेऊन आधीच्या बोटीने पलीकडे गेले. अण्णा रस्त्याकडेच्या माडाजवळ घड्याळ घेऊन उभे राहिले. मी नवा डिजिटल कॅमेरा गाडीच्या बॉनेटवर ठेवून फोटोची तयारी करत होते. कॅमेऱ्यातलं मला फारसं कळत नव्हतं.

आधी शिट्ट्या ऐकू आल्या. मग वळणावर लाल जर्सीतला एकटा सुहास दिसला.

मी बटण दाबलं, कॅमेरा तिथेच सोडला आणि पाण्याची बाटली घेऊन उताराकडे धावले. बोटीच्या फळीवर पोचताच सुहास दमून सायकलसकट आडवा झाला. गर्दीत मला नुसत्या पाठी दिसत होत्या. मागून बाकीचे सायकलवाले येत राहिले, आरडाओरडा झाला, आणि त्यात अण्णांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"सुहास! दीड मिनिट! दीड मिनिट आहे रे!"

बोटीवरून त्याने अंगठा वर केला. बोट सुटली.

मी परत आले तेव्हा अण्णा गाडीत बसले होते. "ऊन लागलं जरा," म्हणाले. चेहरा घामाने डबडबला होता. गोळी देऊ का विचारलं तर हात झटकला. घड्याळ माझ्यापुढे धरलं, एक मिनिट एकतीस सेकंद. एवढे खूश होते की मी पुढे काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

बॉनेटवरचा कॅमेरा बंद करून मी गोळ्यांच्या पिशवीत टाकला. आम्हाला पुढची बोट मिळाली. दाभोळचा चढ गाडीलाही दुसऱ्या गिअरमध्ये जड जात होता, सायकलवर कसा चढत असतील देव जाणे. जांभ्याच्या तांबड्या कातळातून रस्ता वर जातो, डावीकडे मधूनच समुद्र दिसतो. एरवी मी चार ठिकाणी थांबले असते. बुरोंडीला मात्र एका चहाच्या टपरीशी थांबलो, कारण मोबाइलला रेंज नव्हती आणि टपरीवाल्या बाईंच्या समोरूनच शर्यत गेली होती.

"लाल सदऱ्याचा मुलगा पुढे होता का हो?" मी विचारलं.

"पुढं व्हता, पण पाठोपाठ हिरवा. इथंच गाठलान त्याला," बाई म्हणाल्या. "लाल बिचारा तोंड उघडं टाकून चाललेला. च्या घेव नं?"

अण्णांनी चहा घेतला नाही.

दापोलीला मैदानाशी पोचलो तर निकाल लागून अर्धा तास झाला होता. टोंबा पहिला, सुहास दुसरा. फरक एकोणतीस सेकंदांचा. आणि आपली सांगलीची मंडळी रागाने लालबुंद होऊन भांडत होती.

"अण्णा आले! घड्याळ दाखवा हो," शिवाजीराव ओरडले. "ह्या पंचांनी पलीकडं पोराला सत्तेचाळीस सेकंदं पुढं सोडलाय. सत्तेचाळीस! तुमचं काय म्हणतंय?"

"एक एकतीस," अण्णा म्हणाले.

"चव्वेचाळीस सेकंदं खाल्ली! एकोणतिसाने हरलाय म्हंजी पंधराने जिंकलाय आपला पोरगा. लिहा तक्रार. तासाभरात द्यायची असती. साक्षीदार अण्णा."

मंडपाच्या खांबाला टेकून सुहास बसला होता. पायांवर मीठ वाळून पांढरे पट्टे उमटलेले. अण्णांकडे बघून तो एवढंच बोलला, "तुम्ही दीड म्हणाला, मी बोटीवर निवांत झालो. पलीकडं सोडताना सत्तेचाळीस म्हणले आन् माझं डोकंच फिरलं. पहिल्याच चढाला सगळं उधळलं. ऱ्हायलंच न्हाई काही."

कागद आला. शिवाजीराव लिहायला बसले. थोड्या अंतरावर टोंबा एकटाच केळं खात उभा होता. भाषा कळत नसावी, पण आपल्याबद्दलच चाललंय हे त्याला कळत होतं. खाताना तो थांबला तो थांबलाच.

अण्णांचा रंग मला बरा दिसेना, म्हणून मी गोळ्यांची पिशवी आणायला गाडीकडे गेले. पिशवीत कॅमेरा होता. तक्रारीला फोटो उपयोगी पडेल असं वाटून मी तो उघडला. फोटो नव्हताच. चुकीचं बटण दाबून मी चित्रफीत घेतली होती, आणि कॅमेरा बॉनेटवर तसाच चालू राहिला होता.

गाडीत बसून मी ती पाहिली. कोपऱ्यात सेकंद पळत होते. सुहास जातो. अण्णा घड्याळ दाबतात. मग ते एक हात माडावर टेकतात, दुसरी मूठ छातीशी जाते आणि मान खाली जाते. हिरवी जर्सी समोरून जाते, तेव्हाही मान खालीच. मी आकडे मोजले. सत्तेचाळीस. त्यानंतर बऱ्याच वेळाने पाच-सहाजणांचा घोळका येतो, त्याच्या आवाजाने अण्णा मान वर करतात आणि घड्याळ दाबतात.

पुन्हा लावून पाहिलं. पंच बरोबर होते. आणि अण्णांना जेटीवर दुखलं होतं, मी त्यांना तसंच चढ-उतारांवरून तीस किलोमीटर घेऊन आले होते.

खरं सांगते, कॅमेरा पिशवीत तळाशी घालावा असंही मनात आलं. चित्रफीत दुसऱ्या कुणी पाहिली नव्हती. सुहासची नोकरी वाचली असती. आणि हे दाखवून त्यांच्या छातीला धक्का बसला तर? पण छातीचं लपवलं तर जास्त वाईट होईल, आणि एक दाखवून दुसरं लपवता येत नव्हतं.

मी अण्णांना "जरा इकडे या" म्हणून गाडीत बसवलं, आधी गोळी जिभेखाली ठेवायला लावली आणि मग दाखवलं. त्यांनी संपल्यावर विचारलं, "अजून कुणी बघितलंय?"

"नाही."

"बरं." मग मैदानाकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, टोंबा त्या घोळक्यातच होता. खरंच वाटलं गं. फसवत नव्हतो."

"मला माहीत आहे, अण्णा. दुखतंय का आत्ता?"

"हो."

"मग दवाखान्यात चला."

"दोन मिनिटं. तो कागद आत गेला तर परत निघणार नाही."

त्यांना चालत जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून मी गाडीच मंडपाला लावली. त्यांनी काच खाली केली, पंचांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "माझी वेळ चुकलीय. तुमची बरोबर आहे. तक्रार नाही."

"अण्णा, काय बोलताय?" शिवाजीरावांच्या हातात पेन तसंच राहिलं. "पोराचा करार हाय!"

अण्णांनी काच वर केली. दार उघडून सुहास मागच्या सीटवर येऊन बसला. त्याने अण्णांच्या छातीशी गेलेल्या मुठीकडे पाहिलं होतं. "वहिनी, चला," एवढंच म्हणाला.

दापोलीच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. झटका नव्हता, पण उशीर चालला नसता असं म्हणाले. रात्रभर सुहास शर्यतीच्या कपड्यांत बाकावर बसून होता. त्याच्याशी बोलायला अण्णांनी दोनदा तोंड उघडलं आणि भिंतीकडे वळले. सकाळी तो संघाच्या गाडीतून गेला आणि आम्ही खेडवरून, अगदी हळू, सांगलीला आलो.

मार्चमध्ये सुहासचा करार वाढला नाही. नंतर एका लहान संघाने त्याला घेतलं, निम्म्या पगारावर. या वाटेने तुम्ही गेलात तर दाभोळच्या चढावर नक्की थांबा, तिथून खाडीचं तोंड दिसतं. मी पाहिलेलं नाही, लोक सांगतात. मला त्या सहलीतलं आठवतं ते एवढंच, की मी माडाजवळ नव्हते.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी अण्णांनी फोन जवळ ओढला आणि एकेकाला लावायला सुरुवात केली. आधी शिवाजीराव, मग बाकीचे. "माझंच चुकलं होतं, पंचांना नावं ठेवू नका," प्रत्येकाला तेवढंच वाक्य. शेवटी सुहासला. त्याच्याशी बराच वेळ बोलले, जास्त करून ऐकतच होते. फोन ठेवल्यावर चष्मा काढून बसून राहिले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"रागावला," अण्णा म्हणाले. "म्हणाला, छातीत दुखत होतं तर वेळ कसली ओरडत बसलात? मला हाक मारायची. बोट सोडून आलो असतो."

आला असता. आम्हां दोघांनाही ते माहीत होतं.