शाळा कोणी काढली?

“थांबा, आधी सावली बघू दे,” असं म्हणत मॅडम बांधकामाच्या साइटवर सावलीत जाऊन उभ्या राहायच्या. लगेच ठेकेदार ओरडायचा, “अरे, वहिनी दमल्या, खुर्ची आणा!” दमल्यात कसल्या! दुपारी कुठली भिंत तापणार, याचा अंदाज घेत असायच्या. पण खुर्ची आली की मुकाट्याने बसायच्या. माझा नुसता संताप व्हायचा.

गंगापूर रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात मी ड्रॉइंगच्या कामाला होते. नवरा-बायको दोघंही आर्किटेक्ट, एकाच कॉलेजातले. पाटीवर नाव मात्र एकट्या साहेबांचं. साहेब गोड माणूस, कामं तेच आणायचे. पण डिझाइन सगळं मॅडमचं. येणारे लोक खुशाल सांगायचे, “वहिनी, चहा बिनसाखरेचा हं!” आणि या पेन्सिल कानावर खोचून खरंच चहा टाकायला जायच्या.

“मॅडम, तुम्ही कशाला?” मी चिडायचे.

“अगं, चहा होईपर्यंत त्यांना खरं काय हवंय ते बोलून जातात. आत सगळं ऐकू येतं.”

सातपूरची ती शाळा तुम्हीही जाता-येता पाहिली असेल. उघड्या विटा, ना कमान ना नक्षी, ऊन अडवायला खिडक्यांपुढे काँक्रीटच्या उभ्या फळ्या. संस्थेचे अध्यक्ष तेव्हा म्हणाले होते, “वहिनी, ही शाळा आहे की गोडाऊन?”

“एप्रिलात भर दुपारी वर्गात बसून बघा,” या म्हणाल्या. ते बसले, आणि साहेबांचं कौतुक करत उठले.

पुढे साहेब गेले. मागच्या वर्षी शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. साहेबांच्या वतीने सत्कार घ्यायला मॅडमना बोलावणं आलं. जाताना रिक्षात म्हणाल्या, “आज सांगणार आहे गं. एकदा तरी.”

शाल-श्रीफळ झालं. त्यांनी माइक धरला आणि म्हणाल्या, “ही शाळा मी काढली.”

कुजबुज सुरू झाली. जुन्या अध्यक्षांचे चिरंजीव लगबगीने उठले, “अहो वहिनी, शाळा आमच्या वडिलांनी काढली!” सगळे हसले. या कागदावर काढल्याचं सांगत होत्या हो, आणि लोकांनी ऐकलं की संस्थाच काढली! “इमारत, इमारत!” मी मागून ओरडले. तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

परतताना त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेचना. “इतकी वर्षं एकच वाक्य जपून ठेवलं होतं गं. तेही धड बोलता आलं नाही.” घर येईपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही.

या उन्हाळ्यात त्या गेल्या. मूलबाळ नव्हतं, म्हणून निधनवार्ता द्यायला पेपरच्या कचेरीत मीच गेले.

“कोणाच्या पत्नी?” काउंटरवरच्याने विचारलं.

“आर्किटेक्ट होत्या.”

“ते ठीक आहे मावशी, पण त्यांच्या मिस्टरांचं नाव नसेल तर लोक ओळखणार कसे?”

“नाही ओळखलं तर नाही. लिहा, सातपूरच्या शाळेच्या इमारतीच्या आर्किटेक्ट. पत्नी नंतर.”

त्याने लिहिलं. मी त्याला ते मोठ्याने वाचायला लावलं.