एक पाय जमिनीवर

चालण्याची शर्यत हा खेळ आहे, हे मला जितक्या जणांना समजावावं लागलं तितक्यांना इमारत का पडत नाही हेही समजावावं लागलं नाही. नियम दोनच. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा आणि पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ हवा. हे पाळून वेगात चाललं की कंबर हलते, त्याला इलाज नाही. आमच्या कोथरूडच्या सोसायटीला मात्र नेमकी कंबरच दिसली.

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. नोकरी स्ट्रक्चरल इंजिनिअरची, म्हणजे इमारतीच्या सळया आणि काँक्रीट तपासायची. पहाटे साडेपाचला सोसायटीभोवती फेऱ्या, आठला गाडी काढून वाघोलीची साइट. खालच्या बाकावर बसणारे एक निवृत्त गृहस्थ तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अहो, एवढी घाई असेल तर पळा की."

"पळाले तर बाद करतात."

"कोण?"

"पंच."

त्यांनी शांतपणे इकडेतिकडे पाहिलं. "इथे तर कोणी दिसत नाहीये."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या बाकासमोरून दोन फेऱ्या जास्त मारल्या. बघा म्हटलं, पोटभर बघा.

घरी नवऱ्याची काळजी वेगळी. "लोकांचं सोड, तुझ्या गुडघ्याचं बघ," तो म्हणायचा. गुडघा ही आमच्या घरातली अधिकृत कथा होती. गुडघ्यामुळे खेळ सुटला, असं लग्नाआधी मीच त्याला सांगितलं होतं. ते साफ खोटं होतं. खरं असं, की एकविसाव्या वर्षी राज्य स्पर्धेत मी दुसऱ्या नंबरावर चालले होते. शेवटच्या फेरीत पहिलीला गाठायच्या हव्यासापायी दोन्ही पाय हवेत गेले. माझ्या नावापुढे तिसरी लाल खूण पडली, आणि तीन झाल्या की बाहेर. शेवटची रेघ समोर दिसत असताना पंचांनी मला हाताला धरून बाजूला घेतलं. निकालाच्या कागदावर सगळ्यांच्या नावापुढे वेळ होती, माझ्यापुढे 'बाद'. वडील म्हणाले, "झालं ना एकदाचं समाधान? आता अभ्यासाला लागा." मी लागले, मुकाट्याने लागले. बाद झाल्याचं दुःख दोन वर्षांत ओसरलं. मुकाट्याने लागल्याचा राग मात्र पंचवीस वर्षं गेला नाही.

म्हणून जिल्ह्याच्या प्रौढांच्या स्पर्धेत मी नाव दिलं. पदकाशी मला देणंघेणं नव्हतं. माझ्या नावापुढे वेळ हवी होती.

स्पर्धा रविवारी सकाळी. वाघोलीचा स्लॅब शुक्रवारी. सगळं बसत होतं. मंगळवारी फोन आला, की ज्यांच्या जमिनीवर ती इमारत उभी राहत होती त्या गावच्या काकांनी कॅलेंडर बघितलं आणि शुक्रवारी अमावस्या निघाली. अमावस्येला स्लॅब म्हणजे अब्रह्मण्यम. शनिवारी काँक्रीटच्या गाड्या नाहीत. मग ठरलं, रविवारी सकाळी सात. आणि मी सळया डोळ्यांनी बघून सही केल्याशिवाय पंप सुरू होत नाही, ही आमची पद्धत.

ऑफिसमधल्या साहेबांनी तोडगा काढला. "मॅडम, शनिवारी संध्याकाळी सही करून टाका. कशाला जिवाला त्रास."

मी म्हटलं, "रविवारी सकाळी वायरमन सळयांच्या जाळीवर नाचणार, वायरच्या नळ्या टाकणार. मी न बघता सही करत नाही. अकरा वाजता सुरू करा."

"अहो, स्लॅब कुणासाठी थांबत नसतो."

"सुरू झाला की थांबत नाही. सुरू व्हायच्या आधी थांबतो. अमावस्येला दोन दिवस दिलेत ना? मला चार तास द्या."

साहेबांनी पंपवाल्याला फोन लावून अकराची वेळ दिली. मला उत्तर नंतर सुचतं, हा माझा जन्माचा दोष. त्या दिवशी वेळेवर सुचलं, आणि खोटं कशाला बोलू, मला जाम बरं वाटलं.

रविवारी आमच्या वयोगटात पाच जणी होतो. पाच किलोमीटर, साडेबारा फेऱ्या. आठव्या फेरीपर्यंत फलकावर माझ्या नंबरापुढे दोन लाल खुणा लागल्या होत्या. नवव्या फेरीत मागच्या बाईंना पंचांनी बाहेर काढलं. त्या कडेला उभ्या राहून रडायच्या ऐवजी मलाच ओरडून सांगत होत्या, "टाचा टेकवा, टाचा."

शेवटच्या फेरीत तिसरी माझ्यापुढे दहा पावलांवर होती. ती दमली होती, मी नव्हते. गाठली असती. पाय उसळी मारत होते, जुनी हाव जशीच्या तशी उठली. मी दात ओठ खाऊन टाच टेकवली. मग दुसरी. जा बाई, ने तुझं पदक, मी मनात म्हटलं, मला आज कुणी हाताला धरून बाहेर काढणार नाही. रेघ ओलांडली आणि मी तिथेच खाली बसले.

निकालाच्या टेबलामागचा माणूस म्हणाला, "पदकं तिकडे मिळतात, ताई."

"पदक नकोय. निकालाचा कागद दाखवा."

चौथी ओळ. नाव, आणि नावापुढे वेळ. मी ती तीनदा वाचली. नवरा मागे उभा होता. गाडीत बसल्यावर मी त्याला सांगून टाकलं, "माझा गुडघा कधी दुखलाच नव्हता."

"माहीत आहे," तो म्हणाला. "इतकी वर्षं तुला जिने चढताना बघतोय."

अकराला दहा कमी असताना साइटवर पोचले. छातीवरचा नंबर काढायचा राहिला होता. काका नारळ घेऊन उभे होते, शेजारी साहेब घड्याळ घेऊन.

"म्याडम, नंबर आला का?" काकांनी विचारलं.

"चौथा."

"किती जणी व्हत्या?"

"पाच निघालो. चौघी पोचलो."

काकांनी हिशेब जुळवला. "म्हंजी शेवटचा की."

"हो, शेवटचा," मी म्हटलं आणि शिडी चढले.

जिन्याजवळ वायरमननी जाळी तुडवली होती, सळया खाली बसल्या होत्या. शनिवारी सही केली असती तर तशाच काँक्रीटखाली गेल्या असत्या. साहेब खालून म्हणाले, "मॅडम, अकरा वाजले."

"वाजू द्या," मी वरून सांगितलं. "हे उचलून परत बांधा. मग सही."