आईला विचारणारी

“तुला रडायला ठेवलेलं नाही. ती काय म्हणाली तेवढं सांग.”

हे मला नलिनीबाई म्हणाल्या. माझ्याच घरात, माझ्या आयच्या पुढ्यात. मी एकोणीस वर्षांची, त्या फार तर तेवीसच्या. घरातली एकुलती एक खाट आम्ही त्यांना दिली होती. मी आणि आय खाली, सारवलेल्या भुईवर.

साल साठच्या पुढचं. बोयसरहून तारापूरला जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमचा वारल्यांचा पाडा. मुंबईचं एक विद्यापीठ आणि परदेशातलं एक, अशा दोघांनी मिळून पाहणी काढली होती. विषय, गरिबांचे आर्थिक आणि सामाजिक हक्क. फॉर्म अकरा पानांचा. नलिनीबाई त्या पाहणीवर शिकत होत्या, पदवी घेणार होत्या. त्यांना आमची बोली कळेना. पाड्यात सातवी पास झालेली मी एकटी, म्हणून मला दुभाषी केली. बाई मराठीत विचारायच्या, मी बोलीत विचारायची. लोक सांगायचे ते मी मराठीत करायची. बाई ते इंग्रजीत लिहायच्या. घाम आमचा, अक्षर त्यांचं.

कबूल करते, मी त्यांच्यावर जळायची. पहिल्याच दिवसापासून. त्यांच्या पेनवर, मनगटावरच्या घड्याळावर जळायची. पण सगळ्यात जास्त जळायची ती त्यांच्या बसण्यावर. बाई कुठंही जाऊन बसायच्या आणि कुणी त्यांना ऊठ म्हणत नसे. शाळेत मी सात वर्षं दाराबाहेरच्या पायरीवर बसले. फळा तिरका दिसायचा. तसाच वाचून पास झाले. आणि ही बया गादीवर बसून शिकलेली, तिला मी माझ्या माणसांच्या तोंडचे शब्द सोलून देत होते.

फॉर्मात एक प्रश्न होता. ‘कधी सक्तीनं काम करावं लागलं का?’ पाड्यातला एकूण एक माणूस म्हणाला, नाय. वेठीचं नाव परक्यासमोर कोण काढील? ज्याच्या गवतावर सगळा पाडा राबायचा, त्या शेठच्या कानावर गेलं तर? आयही नायच म्हणाली. पण बाई हुशार. त्यांनी पेनला टोपण लावलं आणि माझ्याकडं बोट करून आयला विचारलं,

“तुमची ही मुलगी कुठं जन्मली?”

मी हसतच विचारलं. मला उत्तर माहीत होतं. मी आंब्याखाली झाले, असं आय लहानपणापासून सांगायची. आय हसली नाही. भुईकडं बघत म्हणाली,

“वखारीत झाली ती. शेठच्या गवताच्या वखारीत. वेठीला गेलती मी. कळा आल्या तर मुकादम म्हनला, भारे बांदून झाल्याबिगर जायचं नाय. तितंच झाली. गवताला रगत लागलं. गवत नासलं म्हनून शेठनी तेवढं पुना कापून आनायला लावलं. हिला गोनपाटावर टाकली नि गेली मी.”

मी रडायला लागले. बाईंना मराठीत सांगायचं राहूनच गेलं. तेव्हा बाई म्हणाल्या ते वर सांगितलं आहे.

मग मी सांगितलं. एकेक शब्द. रक्त. गोणपाट. गवत. बाई भराभर लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली, डोळे चमकले. “सुंदर,” म्हणाल्या. काय सुंदर? आयनं ताडगोळे आणले. नखानं साल काढून, एकेक गोळा पानावर ठेवून बाईंना दिला. मला जन्मात तिनं ताडगोळा सोलून दिला नव्हता. ‘घे तुजा तूच’ म्हणायची. मी उठून बाहेर गेले.

बाई गेल्यावर मी आयवर फणकारले. “मला कदी सांगितलं नायस. ती कोन कुठली, तिला सांगितलंस!”

आय चुलीत लाकूड सारत होती. म्हणाली, “तू कदी इचारलंस?”

बस. एवढंच. तिनं कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. खरंच मी कधी विचारलं नव्हतं. शाळेत जायला लागले तशी मला आयची लाज वाटायला लागली. पालघरच्या बाजारात मी तिच्या दहा पावलं पुढं चालायची, कुणाला कळू नये ही माझी आय. बाईंनी माझं काही चोरलं नव्हतं. जे मी टाकून दिलं होतं तेच उचललं होतं. म्हणून तर इतकं जळत होतं.

त्या आठवड्यात मी एक वही केली. आयला पुन्हा विचारलं. अडखळत, लाजत. ती बोलली तसं, तिच्याच बोलीत लिहिलं. दोन दिवस लागले.

महिन्याभरानं बाई पुन्हा आल्या. माझ्या हातातली वही त्यांनी पाहिली, तिच्यात काय आहे तेही विचारून घेतलं. परदेशी प्राध्यापक येणार होते, पालघरच्या एका शाळेच्या दालनात सभा होती. म्हणाल्या, “तुझ्या आईची केस उत्तम आहे. तिला घेऊन ये. नवं लुगडं नको, रोजचंच असू दे. आणि तू खुर्चीवर बसू नकोस हं, आईजवळ खाली बस. फोटो बरा येतो.”

मी आयला घेऊन गेले, वही काखेत. अजून वाटत होतं, मोठ्या माणसांनी ऐकलं तर काही होईल. आम्ही सतरंजीवर बसलो. पुढं खुर्च्यांची रांग. आणि पहिल्या रांगेत हार घालून कोण बसलेलं? शेठ. गवताच्या वखारीचा तोच म्हातारा. पाहुण्यांच्या जेवणाची सोय त्यानं केली होती, म्हणून त्याला मान. फॉर्मात शेठचं नाव घालायचं नाही असा बाईंचा नियम होता, त्यामुळं त्यांना तो कोण हे ठाऊकच नव्हतं. आयला ठाऊक होतं. तिचा हात माझ्या दंडावर घट्ट बसला.

गोरा साहेब इंग्रजीत बोलला. बाई माझ्याकडं वळल्या. “आईला म्हणावं, वखारीतली गोष्ट सांगा.”

मी आयकडं वळले. मी निराळंच विचारलं.

“आये, ह्यांच्यापुढं सांगायची तुजी मर्जी हाय का?”

आयनं शेठकडं पाहिलं. मग म्हणाली, “नाय.”

“ती नाही म्हणते,” मी मोठ्यानं सांगितलं.

बाई वाकून कुजबुजल्या, “तू नीट विचारलं नाहीस.”

“मर्जी विचारली. तुमच्या अकरा पानांत तो प्रश्न नाही.”

त्यांचा चेहरा पडला. पण बाई हटणाऱ्या नव्हत्या. “ठीक आहे. तुझी ती वही दे. मी वाचून दाखवते.”

“वही मिळणार नाही.”

“अगं, हे सगळं तुमच्याच हक्कांसाठी चाललंय!”

“मग तो आमचा हक्क समजा.”

सभेत कुणीतरी हसलं. शेठ पाण्याचा पेला उचलून खाली ठेवत होता. मी आयला उठवलं. भर बाजारातून गेलो, मी तिच्या बरोबरीनं चालले.

बाईंचं पुस्तक पुढं निघालं म्हणे. निघो. त्यांच्यावरचं माझं जळणं गेलं असं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? आजही इंग्रजीत भराभर लिहिणारी बाई पाहिली की छातीत चर्र होतं. पण तेव्हा एक गोष्ट लख्ख कळली. पाहणीनं आमच्या झोपड्या पालथ्या घातल्या, चुलीपर्यंत डोकावली. शेठच्या ओट्यावर मात्र जेवून आली. त्याला एकही प्रश्न नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन वखारीवर गेले. शेठ झोपाळ्यावर बसला होता. मला ओळखून म्हणाला, “कालची तूच ना? बस, बाय. पाणी घे.”

“बसायला नाय आलेय,” मी म्हणाले. “माजी आय तुमच्या वखारीत बाळंत झाली. ती जागा दाखवा. तिला परत गवत कापायला कुनी धाडलं, ते तुमच्या तोंडानं सांगा. मी लिवून घेते.”

झोपाळा थांबला. मुकादम धावत आला. मी वही उघडली आणि शेठचं नाव पूर्ण लिहिलं.