मामांचा मुरघास

साऱ्या भोकरदन तालुक्यात वास घेतल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस एकच, आणि तो मामेसासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. माझ्या बायकोच्या या मामांची शेती हसनाबादच्या शिवारात. तव्यावरून उतरलेली भाकरी आधी त्यांच्या नाकाशी जाणार, मग तोंडात. डॉक्टरांच्या गोळ्या, नवं धोतर, बियाण्याची पिशवी, सगळ्यांची तीच परीक्षा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा ते पाहुण्यांसोबत नवीन जालन्यात आमच्या घरी आले, चहा बाजूला ठेवून माझ्या खांद्याशी वाकले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगा तंबाखू खात न्हाई. करून टाका." बाकीच्या चौकशा तिथंच थांबल्या.

अशा माणसानं जुनं, रंग उडालेलं बेलर घ्यावं याचं गावाला नवल वाटलं. ट्रॅक्टरमागं ओढायचं, गवत गिळून त्याचे गोल गठ्ठे बांधणारं हे यंत्र पंजाबातून ट्रकवर आलं, तेव्हा लोक त्याला भंगार म्हणाले. मामांनी ऐकून घेतलं. त्यांना आदल्या उन्हाळ्याचं दुखत होतं. चारा संपला म्हणून मामींच्या हातच्या दोन गायी बाजारात गेल्या होत्या, आणि मामी पुढं किती तरी दिवस रिकाम्या दाव्यांकडं पाठ करून जेवत होत्या. भांडल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं. एका संध्याकाळी तेच म्हणाले, "आता या दावणीचं जनावर बाजाराला जाणार न्हाई." मामींनी मान वर केली नाही.

भादव्यात गवत कमरेइतकं होतं, पण आभाळ उघडत नसल्यामुळं ते वाळवून ठेवायची सोय नाही. कापलेलं गवत अर्धवट सुकवायचं, घट्ट बांधायचं आणि हवा लागू न देता प्लास्टिकमध्ये मुरू द्यायचं, म्हणजे मुरघास करायचा, असं मामांनी कुठूनसं ऐकलं होतं. जरा ऊन पडलं की ते रानात उकिडवे बसत, मूठभर गवत पिळत, हुंगत, आणि ट्रॅक्टरवरच्या पुतण्याला सांगत, "अजून पानी हाय. थांब." पुतण्या चिडे, "काका, तुमचं नाक सुकलं की मंग गवत सुकंल!" शेवटी पावसाच्या धास्तीनं त्यांनी घाई केलीच. ओलं गवत पोटात गेलं तसे यंत्राचे झिजलेले पट्टे घसरू लागले, आणि भला मोठा गठ्ठा आतच अडकून बसला. पुतण्यानं यंत्राला शिवी दिली. मामा विळा घेऊन यंत्राच्या तोंडाशी बसले आणि गठ्ठा आतून कापून काढत म्हणाले, "त्याला बोलू नको. वयस्कर हाय ते. आपनच जास्ती चारलं."

दुसऱ्या दिवशी गवत नीट सुकू दिलं, ओळी पातळ केल्या, ट्रॅक्टर बैलाच्या चालीनं हाकला आणि गठ्ठे निम्म्या आकाराचे केले. ते गडगडवत हातानंच पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळले. त्यानंतर मामांना दुसरा उद्योग उरला नाही. कावळ्यांनी चोच मारली की भोकावर चिकटपट्टी लावायची आणि कावळ्याला समजावायचं. मी जालन्याहून गेलो की माझ्याही हाती चिकटपट्टी येई. "जावईबापू, तुमची नजर तेज हाय. त्या बाजूनं बघा."

वैशाखात कडबा संपला. पहिला गठ्ठा फोडला तेव्हा मीही तिथं होतो. आत काळी बुरशी, आणि वास असा की हुंगायची गरजच पडली नाही. मामी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मामांनी तो गठ्ठा एकट्यानं उकिरड्यावर नेऊन पुरला, हातपाय धुतले आणि जेवायला नको म्हणाले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तेव्हा मामीच उठल्या, विळा घेऊन गंजीकडं गेल्या आणि म्हणाल्या, "एक सडला म्हून सगळेच सडले का? चला." दुसरा गठ्ठा त्यांनी स्वतः कापला. आत पिवळसर हिरवं गवत, गोडसर आंबट वास. मामांनी ओंजळ नाकाशी धरली आणि मग ती मामींपुढं केली. मामींनी गायीपुढं टाकली. गाय बिचकली, मागं सरली, मग तिनं एक काडी उचलली, आणि मग मान वर केलीच नाही. त्या उन्हाळ्यात दावणीचं एकही जनावर हललं नाही.

मामी गेल्या हिवाळ्यात गेल्या, थोड्याशा तापाचं निमित्त होऊन. परवा मी हसनाबादला गेलो तेव्हा धारेची वेळ होती. मामा मामींचं लुगडं खांद्यावरून पांघरून गायीखाली बसले होते. धार कायम मामीच काढत, मामांच्या हाताला गाय पान्हा सोडत नव्हती, म्हणून कुणीतरी सुचवलेला हा उपाय. गल्लीतून माणसं जात होती, पण कुणी हसलं नाही. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "फसते का हो ती?"

बादलीत धार वाजत होती. मामांनी वर न बघता उत्तर दिलं, "गाय कशाची फसती? मी हाय हे तिला बराबर कळतं. माझी लाज राखून राह्यली."